गळा देवाने दिला, सांभाळायचा कुणी?

न शिकताच नावारूपाला आलेल्या गायकांची उदाहरणे आपण नेहमी देतो. पण ती उदाहरणे खरोखर काय सांगतात? आणि भजन, अंगाई, शाळा, संसार या सगळ्यांत दिवसभर वापरल्या जाणाऱ्या आपल्या आवाजाची निगा कोण राखणार?

“गाणं काय शिकवून येतं का? ते मुळातच असावं लागतं!” मुलीला गाण्याच्या क्लासला घालायचा विषय निघाला, की घरातले कुणी ना कुणी हे वाक्य टाकतेच. मग उदाहरणांची माळ सुरू होते. किशोरकुमार कुठे शिकला होता? सैगल कुणाचे शागीर्द होते? अमकी गायिका तर नाकात गाते, तमकी मान ताणून ओरडते, तरी तिच्या गाण्यावर सगळी वरात नाचते! शेवटी निष्कर्ष ठरलेला: देवाने गळा दिला असेल तर शिकायची गरज नाही, आणि दिला नसेल तर शिकून उपयोग नाही. म्हणजे दोन्हीकडून क्लासचे पैसे वाचले.

आपल्या पालघर-बोईसरच्या पट्ट्यात गाणाऱ्या बायकांना तोटा नाही. सोसायटीचे भजनी मंडळ आहे, श्रावणातली मंगळागौर आहे, नवरात्रातले नऊ दिवस आहेत. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, आणि नोकरीसाठी रोज मुंबई गाठणाऱ्यांचा मोठा वेळ गाडीतच जाऊ लागला. त्या वेळात टाळ्यांवर भजने होतात, वाढदिवसाची गाणी होतात. कारखान्यांमुळे आणि अणुवीज केंद्रामुळे बोईसर-तारापूरला देशभरातून माणसे आली. त्यामुळे मराठी भजनाशेजारी गुजराती गरबा आणि भोजपुरी छठगीतेही इथे ऐकू येतात. आता तर मोबाइलवर कराओके आले आहे. कुणाच्या डोहाळजेवणातही माईक हातोहात फिरतो.

पण कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी याच मैत्रिणींना फोन करून पाहा. “आवाज बसलाय गं, बोलवत नाहीये.” मग हळदीचे दूध, ज्येष्ठमधाची काडी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. चार दिवसांनी आवाज येतो आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच! आवाज बसणे हा जणू गाण्याचा करच आहे, अशी आपली समजूत झालेली असते. तो कर नाही. काहीतरी चुकते आहे, एवढेच घसा सांगत असतो.

न शिकलेले खरेच न शिकलेले होते?

किशोरकुमारांनी रीतसर शास्त्रीय तालीम घेतली नव्हती, हे खरे. पण पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. सुरुवातीला ते सैगलांची हुबेहूब नक्कल करीत. ती सोडून स्वतःच्या आवाजात गा, असा सल्ला त्यांना सचिनदेव बर्मन यांनी दिला. पुढे १९६९ साली ‘आराधना’ आला आणि किशोरकुमार घराघरांत पोहोचले. त्याआधी त्यांची कितीतरी वर्षे अशा संगीतकारांच्या सहवासात गेली होती, जे तालमीला बसवून घेत, थांबवत, पुन्हा म्हणायला लावत. वर्ग नव्हता, फी नव्हती. पण कुणीतरी ऐकत होते आणि ‘इथे नको, असे घे’ म्हणून सांगत होते.

आपल्या सुलोचनाबाई चव्हाणांचे उदाहरण तर आपल्याला अधिक जवळचे. लावणीचा तो ठसका, शब्दागणिक बदलणारा तो नखरा! त्याही कुणा उस्तादांकडे गंडा बांधून शिकल्या नव्हत्या. पण त्यांचे यजमान शामराव चव्हाण यांनी त्यांच्याकडून लावणी बसवून घेतली. कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, कुठे तो नुसता सोडून द्यायचा, हे घरातच घोटले गेले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या गेल्या. संसार सांभाळून गाणाऱ्या या बाईंना घरातच शिक्षक मिळाला, हे त्यांचे भाग्य. पण शिक्षक होता, हे विसरून कसे चालेल?

आणि लताबाई? त्यांचा आवाज दैवी, असे म्हणून आपण मोकळ्या होतो. पण वडील मास्टर दीनानाथांकडून त्यांना लहानपणीच धडे मिळाले होते आणि मुंबईत त्या अमानअली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे शिकल्या. उर्दू उच्चारांवरून दिलीपकुमार एकदा काहीतरी बोलले, तर लताबाईंनी ते मनाला लावून घेऊन उर्दूची शिकवणी धरली. माईकसमोर श्वास कुठे आणि कसा घ्यावा, म्हणजे तो ऐकणाऱ्याला कळणार नाही, हे त्यांना संगीतकार अनिल विश्वास यांनी शिकवले. लताबाई स्वतः ते श्रेय त्यांना देत. ज्या आवाजाला शिकवायचे काय, असे आपण म्हणतो, त्याच आवाजाची मालकीण श्वास घ्यायला शिकत होती!

म्हणजे शाळेत न शिकणे वेगळे आणि कुणीही सांगणारे नसणे वेगळे. आणि सांगणारे माणूस लागते, त्याला साधे कारण आहे: स्वतःचा आवाज स्वतःला खरा ऐकूच येत नाही. आपण बोलतो तेव्हा आवाज हवेतून कानात शिरतो, तसा कवटीच्या हाडांतूनही आत पोहोचतो. त्यामुळे तो आपल्याला असतो त्याहून भरदार वाटतो. मोबाइलवर स्वतःचे बोलणे ऐकून “शी! हा माझा आवाज?” असे प्रत्येकीला वाटते ते यामुळेच. अंबाडा नीट बसलाय की नाही हे पाहायला मागे कुणीतरी आरसा धरावा लागतो, तसेच हे.

यश दिसते, किंमत दिसत नाही

मग चुकीच्या पद्धतीने गाणारे यशस्वी होतात ते कसे? होतात, हे खरे आहे. हनुवटी वर करून, गळ्याच्या शिरा फुगवून, दर ओळीला धापा टाकत गाणारे लोकप्रिय गायक आपण पाहतो. लोकांना त्यांच्या आवाजातला वेगळेपणा आवडतो, शब्दांतली भावना पोहोचते, चाल ओठांवर बसते. गाणे म्हणजे नुसते तंत्र नव्हे. बिनचूक गाणाऱ्याचे गाणे कोरडे वाटावे आणि घोगऱ्या आवाजाने डोळ्यांत पाणी आणावे, हा अनुभव कुणाला नाही?

पण ते गायक यशस्वी होतात ते चुकीच्या पद्धतीमुळे नव्हे, ती असूनही. शिवाय आपल्याला दिसतात ते टिकलेले. ज्यांचा आवाज चार-दोन वर्षांतच फाटला, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत, मग ती उदाहरणे देणार कोण? टिकलेल्यांच्या मागेही चांगला माईक असतो, ध्वनिमुद्रणात ओळ पुन्हा घेण्याची सोय असते, बिघडले तर मोठे डॉक्टर असतात.

इंग्लंडची गायिका अडेल हिचेच पाहा. जगभर तिच्या गाण्यांच्या तबकड्या खपत होत्या आणि ऐन भरात, २०११ साली, तिच्या स्वरतंतूंत रक्तस्राव झाला. दौरा रद्द करावा लागला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनला शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर काही आठवडे पूर्ण मौन. फेब्रुवारी २०१२ मध्ये ती पुन्हा गायली आणि त्याच समारंभात तिला सहा ग्रॅमी पुरस्कार मिळाले. तिला बॉस्टन होते. आपल्या भजनी मंडळातल्या आवाजाला काय आहे? ज्येष्ठमधाची काडी!

आवाज गेला, आणि पुन्हा उभा राहिला

आपल्याकडच्या मोठ्या गवयांच्या चरित्रांत आवाज हरवल्याच्या गोष्टी ठायी ठायी सापडतात, आणि त्या फार शिकवणाऱ्या आहेत.

जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाँ खाँ (१८५५–१९४६) तरुणपणी आमलेटा या छोट्या संस्थानात होते. तिथे अतोनात गाण्याने त्यांचा आवाज गेला. दीर्घ काळ गाणे बंद पडले. परत आला तो आवाज पूर्वीचा गोड, हलका राहिला नव्हता. खाँसाहेबांनी त्या आवाजाशी भांडण केले नाही. त्याला शोभेल अशी वेगळीच वजनदार, वळणावळणाची गायकी उभी केली. ती गायकी पुढे त्यांच्या दोन शिष्यांनी, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी, शिखराला नेली. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात पाठवलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांतल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे.

गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा आवाज सुरुवातीला चांगला बारीक होता. त्यांच्या जुन्या तबकड्यांवर तो ऐकायला मिळतो. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो खाली उतरला, इतका की न पाहता ऐकणाऱ्याला पुरुष गातो आहे असे वाटे. एखादी बाई खचून गेली असती. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जाऊन शिकल्या आणि त्याच आवाजात पुढची अनेक दशके गायल्या. त्यांनी बारीक गाण्याचा अट्टहास धरला असता, तर आपण एका मोठ्या गायिकेला मुकलो असतो.

कुमार गंधर्वांचे आजारपण सर्वांना ठाऊक आहे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाले, पाच-सहा वर्षे देवासला अंथरुणात काढावी लागली. पुन्हा गायला बसले तेव्हा आहे तेवढ्या श्वासात बसेल अशा छोट्या, टोकदार स्वरवाक्यांची गायकी त्यांनी घडवली. श्वास कमी म्हणून गाणे कमी झाले नाही.

किशोरीताई आमोणकरांसारख्या, मोगूबाईंच्या कडक तालमीत तयार झालेल्या गायिकेचाही आवाज तरुणपणी सुमारे दोन वर्षे गेला होता. म्हणजे शिक्षण हा काही विमा नव्हे. शिकलेल्याचाही आवाज जातो. फरक एवढाच, की शिकलेल्या माणसाजवळ तो परत उभा करण्याची वाट असते. घर पडले तरी पाया कुठे आहे हे ज्याला माहीत, तो पुन्हा बांधतो.

बारीक म्हणजेच गोड का?

इथे एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. साठ-सत्तर वर्षे रेडिओने आणि सिनेमाने आपल्या कानांना एक वळण लावले आहे: बाईचा चांगला आवाज म्हणजे उंच आणि बारीक. मग कराओकेवर लताबाईंचे गाणे मूळ पट्टीत लागते आणि आपण टाचा उंच करून फळीवरचा डबा काढावा तशा त्या स्वराकडे हात पुरवतो. मान वर, भुवया वर, गळा आवळलेला. स्वर लागतोही कधीकधी, पण ओरबाडून.

प्रत्येकीच्या गळ्याची एक पट्टी असते. पुष्कळ बायकांना पेटीवरच्या पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपासचा षड्ज सोयीचा पडतो. कुणाला त्याहून खालचा. त्यात कमीपणा कसला? साडीचा ब्लाउज आपण दुसरीच्या मापाने शिवतो का? कराओकेच्या ॲपमध्ये पट्टी खाली-वर करायची सोय असते, ती वापरावी. भजनी मंडळात तर सर्वांत उंच गळ्याच्या बाईंनी पट्टी धरली, की बाकीच्या दहाजणी तासभर किंचाळतात. पट्टी मधली धरावी. जात्यावरच्या ओव्या आठवा. आपल्या आज्या त्या बोलण्याच्याच आवाजात म्हणत, म्हणून दळण संपले तरी गळा थकत नसे.

आणखी एक गोष्ट, जी आई मुलीला सांगत नाही. बाईचा आवाज शरीराबरोबर बदलतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत काहीजणींच्या स्वरतंतूंना किंचित सूज येते आणि वरचे स्वर जड जातात. गरोदरपणात पोट वाढले की श्वास आखूड होतो. पाळी गेल्यानंतर आवाज थोडा खाली उतरतो. हे बिघडणे नव्हे, बदलणे आहे. पन्नाशीत जुनी पट्टी सोडून अर्धी-एक पट्टी खाली आलात, तर आवाजाला नवे आयुष्य मिळते.

आपल्या गावातला घसा

आपल्या गळ्यात स्वरयंत्र असते आणि त्यात दोन नाजूक स्वरतंतू. बाईच्या स्वरतंतूंची लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर. बोलताना ते एकमेकांवर आपटतात, आणि बाईच्या आवाजात हे सेकंदाला सुमारे दोनशे वेळा घडते. म्हणजे पाच मिनिटे सलग बोललात, तर साठ हजार टाळ्या! या टाळ्या हलक्या असल्या तर काही होत नाही. पण ओरडून, आवळून वाजवल्या, की जिथे घासते तिथे जाड होते. जात्याच्या खुंट्याने तळहाताला घट्टे पडत, तसे स्वरतंतूंना घट्टे पडतात. डॉक्टर त्यांना स्वरतंतूंच्या गाठी म्हणतात. मोठ्या माणसांत त्या पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतात, आणि शिक्षिका व गायिकांना त्यांचा धोका जास्त.

आता आपल्या भागातला दिवस पाहा. साठ मुलांचा वर्ग, बाहेर हायवेची किंवा रेल्वेची घरघर, आणि बाई खडूची धूळ गिळत शिकवताहेत. कारखान्यात मशीनच्या आवाजावरून शेजारणीला हाक मारायची. लोकलच्या खडखडाटात भजन म्हणायचे. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, आणि आपण ओरडतो आहोत हे त्याला कळतही नाही. त्यात तारापूरच्या हवेची भर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची जी यादी केली, तिच्यात तारापूर अगदी वरच्या बाजूला होते. ज्या दिवशी हवेत उग्र वास असतो, घसा खवखवतो, त्या दिवशी गाण्याचा हट्ट धरू नये, हे आपले आपणच ठरवायला हवे.

ज्यांच्याकडून शिकावे असे लोकही इथेच आहेत. जव्हार-डहाणूकडच्या वारली पाड्यांवर लग्न लागते ते धवलेरी बायकांच्या गाण्यावर. तिथला तारपा वाजवणारा गालांत हवा साठवतो आणि ती सोडता सोडता नाकाने नवा श्वास घेतो, म्हणून नाच चालू असेतो सूर तुटत नाही. श्वास हीच पुंजी आहे आणि ती एकदम उधळायची नसते, हे त्याला कुणा पुस्तकाने शिकवलेले नाही. पण त्याच्या आधीच्या तारपकऱ्याने शिकवलेले आहे. पालघरच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते सोनोपंत दांडेकर याच तालुक्यातल्या केळवे-माहीमचे, आणि थोर कीर्तनकार. कीर्तनकाराला तासन्‌तास बोलावे आणि गावे लागते. त्या परंपरेतही बुवांच्या मागे उभे राहून टाळ धरताधरता गळा तयार होतो.

शिक्षक आवाजाचे करतात तरी काय?

पुष्कळजणींना वाटते, क्लास म्हणजे राग, ताल आणि परीक्षा. त्या हव्यातच. पण विशारद झालेल्या गळ्यालाही कधी कुणी “हनुवटी खाली घे” असे सांगितलेले नसते. आवाज घडवणे हे गाणे शिकण्याच्या आतले एक वेगळे काम आहे.

गंमत अशी, की स्वरयंत्र पाहण्याची युक्ती डॉक्टरांना दिली ती एका गाण्याच्या मास्तरांनी! मॅन्युएल गार्सिया नावाच्या या शिक्षकांनी १८५४ साली दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरून, उन्हाच्या तिरिपेत स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आपल्याकडे प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ साली मुंबईत संगीत विद्यालय काढले. कुमार गंधर्व तिथेच वाढले. देवधर मास्तरांनी पाश्चात्त्य पद्धतीचाही अभ्यास करून आवाजाच्या साधनेचा शास्त्र म्हणून विचार केला. त्यांच्याकडे शिकलेले डॉ. अशोक रानडे यांनी तो विचार पुढे नेला आणि गायकांबरोबर नटांच्याही आवाजावर काम केले.

चांगला शिक्षक ओळखायचा कसा? तो पहिल्या दिवशी तुमचा षड्ज शोधतो, स्वतःचा तुमच्यावर लादत नाही. आधी श्वास पाहतो: खांदे उचलून घेता की पोट-बरगड्या फुलवून. खालच्या स्वरांवर, खर्जावर वेळ घालवतो. घसा दुखला तर थांबवतो. “दुखू दे, तरच तयार होईल” असे म्हणत नाही. आणि तीन महिन्यांत टीव्हीवर झळकवण्याचे आश्वासन देत नाही. २००८-०९च्या ‘लिटल चॅम्प्स’मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, तेव्हा घरोघरी आयांना वाटले, आपली मुलगीही अशीच गाईल. पण कार्तिकीला वडिलांकडूनच गाण्याचे धडे मिळत होते, ते पडद्यावर कुठे दिसले?

मुलांच्या बाबतीत तर जपूनच. मोठ्यांच्या पट्टीतली, मोठ्यांच्या आवेशातली गाणी लहान गळ्याकडून वदवून घेऊ नयेत. बारा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. मुलीचाही बदलतो, पण ते पटकन लक्षात येत नाही. त्या काळात स्पर्धा कमी आणि हलका सराव जास्त, हेच धोरण बरे.

घरच्या घरी आवाजाची निगा

१. पाणी थोडे थोडे, दिवसभर प्यावे. गाण्याच्या आधी घटाघटा प्यायलेले पाणी स्वरतंतूंपर्यंत लगेच पोहोचत नाही.

२. सकाळी दहा मिनिटे: ओठ मिटून हलका गुंजारव, मग लहान मूल गाडी चालवताना करते तशी ओठांची फुर्र, तीही सुरात. नंतर ओंकार, खालच्या पट्टीत.

३. अर्धा पेला पाण्यात स्ट्रॉ बुडवून तिच्यातून हळू ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढावेत. पोरखेळ वाटेल, पण जगभरचे आवाजाचे उपचारक हा व्यायाम देतात. घसा न ताणता आवाज मोकळा होतो.

४. सारखे खाकरू नये. त्याने स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. एक घोट पाणी प्यावे किंवा आवंढा गिळावा.

५. आवाज बसला की कुजबुजून बोलू नये. जोर लावून कुजबुजल्याने घशाला ताणच पडतो. एक दिवस मौन धरावे. घरातल्यांनाही थोडी शांतता मिळेल!

६. रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवून लगेच आडवे होऊ नये. पोटातले आम्ल घशापर्यंत येते आणि सकाळी आवाज जड होतो.

७. मुलांना दुसऱ्या खोलीतून हाका मारण्याऐवजी चार पावले चालून जावे. वर्गात टाळी किंवा घंटी वाजवावी.

८. वाफ घेतल्याने आराम पडतो. पण लवंग, ज्येष्ठमध यांनी खवखव शमते, गाठ जात नाही, हे लक्षात ठेवावे.

हे मात्र अंगावर काढू नका

तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. खोकल्यातून रक्त, गिळताना त्रास, मानेला गाठ, किंवा मिश्री-तंबाखूची सवय असेल तर थांबूच नये. थायरॉईडच्या विकारातही आवाज जाड होतो, आणि तो रक्ताच्या साध्या तपासणीत कळतो. “शस्त्रक्रिया सांगतील” या भीतीने पुष्कळजणी जात नाहीत. पण जादा वापराने आलेल्या गाठींवर पहिला इलाज सहसा आवाजाच्या व्यायामांचाच असतो. हे व्यायाम शिकवणारे वाचा-उपचारक असतात. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाशी जोडलेली वाचा-उपचारांची शाळा आहे, वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दोन्ही आपल्याच पश्चिम रेल्वेवर. रोज मुंबईला जाणाऱ्या मैत्रिणीला सोबत घ्या.

माझ्यासाठी कशाला?

मुलाच्या ट्यूशनची फी आपण न मागता भरतो. स्वतःच्या गाण्याच्या क्लासचा विषय निघाला की “आता या वयात माझ्यासाठी कशाला?” असे म्हणून आपणच तो मिटवतो. पण याच आवाजाने आपण मुलाला निजवले, सासऱ्यांना हरिपाठ ऐकवला, बँकेत भांडलो, वर्ग सांभाळला. घरातल्या मिक्सरची दुरुस्ती वेळेवर होते. या आवाजाची होत नाही.

एकटीला फी जड जात असेल, तर भजनी मंडळातल्या आठ-दहाजणींनी मिळून महिन्यातून दोनदा एखाद्या जाणत्या शिक्षिकेला बोलवावे. खर्च वाटला जाईल, आणि एकमेकींचा आवाज ऐकायची सवय लागेल. तेही न जमले, तर निदान दोघींनी जोडी जमवावी. एकीने गावे, दुसरीने समोर बसून फक्त पाहावे: खांदे उचलले का, हनुवटी वर गेली का, मानेची शीर फुगली का. मग अदलाबदल. टीका करायची नाही, आरसा धरायचा.

स्टेजवर जायचे असो वा नसो, साठीला पोचल्यावरही नातवंडाला अंगाई म्हणता आली पाहिजे. तेवढ्यासाठी सकाळची दहा मिनिटे स्वतःची म्हणून ठेवा. चहाचे आधण ठेवले की सुरुवात करावी. चहा होईपर्यंत निम्मा रियाज होतो.